समाईक भिंत

पहिल्यांदा रंग गेला. मग न्हाणीघराच्या टाइल्स गेल्या, खिडक्यांच्या जाळ्या गेल्या. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा कडाप्प्यावर आला, तेव्हा आकारामची बायको शालूबाई उठून आत गेली आणि आतून पातेलं जरा जोरातच खाली ठेवल्याचा आवाज आला. आकारामनं तिकडं मान वळवली नाही.

"फुडं बोला," तो इंजिनिअरला म्हणाला.

प्रसेनजीत कांबळे हा उचगावचा तरुण इंजिनिअर. आकारामच्या मुलाच्या, आदर्शच्या ओळखीचा. त्यानं आणलेल्या अंदाजपत्रकाचे कागद सोप्यातल्या चटईवर पसरले होते आणि पंख्यानं उडू नयेत म्हणून सून मोनानं त्यांच्यावर अडकित्ता आणि पानाचा डबा ठेवला होता. सकाळपासून सगळे मिळून एकेक गोष्ट खोडत होते. पतसंस्थेचं कर्ज किती मिळणार हे ठरलेलं होतं, आकारामचा कारखान्यातनं निवृत्त होताना मिळालेला फंड ठरलेला होता, आदर्शच्या पगारातनं दरमहा काय निघेल तेही ठरलेलं होतं. त्यापुढं एक वीटसुद्धा जाणार नव्हती. एवढं खोडूनही आकडा खाली यायचं नाव घेत नव्हता.

बयाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. ती आकारामची थोरली बहीण, सगळ्यांची आक्का. लग्न होऊन जयसिंगपूरला गेली त्याला आता पंचेचाळीसाहून जास्त वर्षं झाली. नवरा गुळाच्या अडत पेढीवर दिवाणजी होता, तो जाऊन तीन वर्षं झाली. एकुलती एक लेक सांगलीला सुखात होती. चार दिवसांपूर्वी आकारामनं स्वतः फोन केला, रविवारी ये, घराचं बघायचं हाय. आकाराम कधी स्वतः फोन करत नसे. एसटीत बसल्यावर हातकणंगले मागं पडेपर्यंत तिला कळलं होतं, आपल्याला कशासाठी बोलावलंय ते.

आता इंजिनिअर त्याच गोष्टीवर आला.

"काका, खरी अडचण जिन्याची आहे," तो म्हणाला. "पुढं रस्ता, मागं दुसऱ्याची हद्द. जिना आतच घ्यावा लागणार. आणि तो आत बसायचा तर ही मधली भिंत निघायला पाहिजे."

सगळ्यांनी मधल्या भिंतीकडं बघितलं, जणू ती आज पहिल्यांदाच दिसत होती.

कसबा बावड्यातलं हे घर आबांनी, म्हणजे या भावंडांच्या वडिलांनी, पिराजींनी बांधलेलं. मातीच्या भिंती, वर खापरी कौलं. सोळा वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा घर उभं चिरलं. डावीकडचं आकारामला, उजवीकडचं धाकट्या गुंडूला. मधल्या भिंतीतलं दार विटा लावून बुजवलं. बुजवताना काही भांडण नव्हतं. दोघांनी मिळून विटा आणल्या होत्या. भांडण झालं ते पुढं, गुंडूच्या मुलीच्या लग्नात. लग्नपत्रिकेत आकारामचं नाव गुंडूच्या सासऱ्याच्या नावाखाली छापून आलं. छापखान्याची चूक म्हणावी तर तसं, मुद्दाम म्हणावं तर तसं. थोरला चुलता अक्षता न टाकता मांडवातून उठून आला. तेव्हापासून आठ वर्षं दोन सख्खे भाऊ एकाच बोळात, शेजारच्या दारांतून रोज बाहेर पडत होते आणि एकमेकांकडं न बघता आपापल्या कामाला जात होते.

इंजिनिअरला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो सरळ समजावत राहिला. भिंत मातीची, हातभर जाड. तिच्यावर स्लॅब टेकवता येणार नाही. ती काढून तिथं दोघांत मिळून नऊ इंची विटांची एकच भिंत घेतली, कॉलम समाईक धरले, तर खर्च निम्मा होईल, दोन्हीकडच्या खोल्या रुंद होतील, आणि जिना आत बसेल. तसं नको असेल, तर ज्यानं त्यानं आपापल्या हद्दीत वेगळी भिंत घ्यायची. मग पाया आत सरकणार, खोल्या बारीक होणार आणि जिना बसणार नाही. शेजारच्यांच्या तुळयांना तर वाळवीच लागलीय, त्यांनाही यंदा काहीतरी करावंच लागेल. तेव्हा एकदा त्यांना विचारून घ्या, तो म्हणाला. दोन मिनिटांचं काम आहे.

यावर आदर्श हसला आणि लगेच गप्प झाला.

जिना नाही म्हणजे वरची खोली नाही. आणि वरची खोली हवी होती ती आदर्श आणि मोनासाठीच. लग्न होऊन दोन महिने झाले होते आणि नवराबायको सोप्यात पडदा लावून झोपत होती; पहाटे दूधवाला कडी वाजवायचा तो त्यांच्या उशापाशीच. मोना कधी काही बोलली नव्हती. पण आदर्शनं आईला सांगितलं होतं, यंदा खोली झाली नाही तर आम्ही उचगावला भाड्यानं जागा बघतो, मला फौंड्रीलाही ते जवळ पडतं.

"आक्का," आकाराम म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि पानाच्या डब्याकडं हात नेला.

"जाते," बयाबाई म्हणाली. "पर तू बी चल की. दोन पावलं तर हायत."

"मी न्हाई जायचा. मी थोरला हाय."

"आन् मी कोण हाय?"

"तू हाईस म्हणून तर बोलावलं."

शेजारच्या दारात हौसा, गुंडूची बायको, जणू वाट बघतच उभी होती. वन्सं आल्या म्हणून तिनं पायावर पाणी घातलं, डोकं टेकलं आणि हळूच विचारलं, काय म्हणतोय इंजिनिअर. तिला सगळं माहीत होतं. शालूबाई आणि हौसा या दोघी जावांचं बोलणं कधी तुटलंच नव्हतं. मागच्या परसात नवरे नसताना आमटीची वाटी इकडून तिकडं जायची, रिकामी परत यायची नाही. दोघींनी मिळून जिना कुठं यायचा हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

गुंडू गोठ्यातनं आला, हात पुसत. बावन्न वर्षांचा झाला तरी बयाबाईला तो अजून शेंडेफळच वाटायचा.

"तिकडं च्या घिऊन आलीस व्हय?" त्यानं विचारलं.

"घेतला. आता तुझ्याकडचा दूध घालून दे. तिथं निम्मं पाणी हुतं."

गुंडूला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. म्हैस त्याच्याकडं होती. शालूबाई दूध डेअरीतनं घेत होती. हेही त्या आठ वर्षांतलंच.

बयाबाईनं फार आडवळणं घेतली नाहीत. भिंत समाईक घ्या, दोघांचं भलं हाय, म्हणाली. गुंडूनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग त्याचं ते जुनंच सुरू झालं. पोरगी मांडवात उभी, चुलत्याची वाट बघतीया, आणि चुलता एका नावासाठी उठून जातोय. पत्रिका मी छापायला दिली न्हवती, मेव्हण्यानं दिलती. चूक झाली तर मला घरात बोलावून दोन मुस्काटात द्यायच्या हुत्या. पोरीचा काय गुन्हा? बयाबाईला हे पाठ होतं. तिनं ते पुन्हा ऐकून घेतलं, कारण ऐकून घेतल्याशिवाय तो पुढं सरकत नाही हेही तिला पाठ होतं.

"त्यानं एकदा बोळात उभं राहून नुसतं गुंडू म्हणून हाक मारावी," तो शेवटी म्हणाला. "मी भिंत काय, घर पाडून देतो."

"म्हातारी झाले मी. तुम्हा दोघांच्या हाका माझ्याच तोंडानं जायच्या हायत काय आता?" बयाबाई म्हणाली. "मी बोलावते समज. चल."

हौसा मधेच म्हणाली की वन्सं एवढ्या लांबून आल्यात. गुंडूनं तिच्याकडं रागानं बघितलं, पण खुंटीवरची टोपी काढली. मग परत खुंटीला लावली आणि बयाबाईच्या जवळ येऊन आवाज खाली आणला.

"आक्का, एक हाय. भिंतीला मी तयार हाय असं धर. पर पैसं आत्ता न्हाईत. पोरग्याच्या डिप्लोमाला भरलं सगळं. उसाचं बिल आलं की देतो. दिवाळीपतोर. हे तिथं बोलू नकोस."

"न्हाई बोलत," बयाबाई म्हणाली. तेव्हा कुठं गुंडूनं टोपी डोक्यावर घातली.

या दाराचा उंबरा ओलांडायला गुंडूला आठ वर्षं लागली होती, आणि आत आल्यावर कुठं बसावं हे त्याला कळेना. मोनानं पुढं होऊन चटई सरकवली आणि काका म्हणून पाया पडली. तिनं त्याला आजवर फक्त बोळात बघितलं होतं. गुंडूनं गडबडून तिच्या डोक्यावर हात ठेवला. आकाराम पान लावत होता. पान लावायला एवढा वेळ त्याला कधीच लागला नव्हता.

इंजिनिअरनं नकाशा मधोमध सरकवला. बोलणं सुरू झालं, पण दोघे भाऊ एकमेकांशी बोलायला तयार नव्हते. जे काही ते बयाबाईमार्फत.

"आक्का, त्यांस्नी इचार, भिंतीतला कोनाडा कुणाकडं येणार."

"आक्का, त्याला सांग, नऊ इंचात कोनाडा निघत न्हाई."

"मग दिवा ठेवायचा कुठं म्हणावं."

"दिवा ठेवायला आता लाइट हाय म्हणावं."

बिचारा इंजिनिअर बोलणाऱ्याकडं आणि मग बयाबाईकडं मान फिरवून दमला. आतल्या दारात दोघी जावा तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. हौसा कधी मागच्या दारानं आली होती कुणाला कळलं नाही. बयाबाईलाच शेवटी राहवलं नाही. ती म्हणाली, मी काय तारवाली हाय काय रे? मी गेल्यावर भिंत कोण बांधणार, का मला इथंच बांधून घालताय मधी?

मग भिंत कशी फोडायची यावर गोष्ट आली. इंजिनिअर म्हणाला, माती चांगली घट्ट आहे, कुणी केली होती? आणि बयाबाई सांगत सुटली. हिच्यासाठी मातीचा चिखल मीच तुडवलाय. तेरा वर्षांची हुते. आबांनी अंगणात खड्डा केलता, गवताचा भुस्सा टाकलेला, आणि मी आणि आई पदर खोचून दिवसभर तुडवत हुतो. आकाराम नऊ वर्षांचा, पाणी आणायला. गुंडू तीनचा, आडवं यायला.

"त्यात पडला हुता ना कोणतरी," शालूबाई दारातून म्हणाली. तिनं ही गोष्ट सासूकडून ऐकली होती.

"कोणतरी न्हवं. हाच," आकाराम म्हणाला. "पार बुडला हुता. नुसती शेंडी वर. पाय धरून वढला मी तुला. काय वजन हुतं रे तुझं त्या वयात."

"आन् आबानं मारलं तुलाच," गुंडू म्हणाला. "चिखल सांडला म्हणून."

"पोरगं वाचलं त्याचं काय न्हाई. चिखल सांडला."

"तुला मारलं, मग मला बी एक दिली, दादा. चिखल गिळला म्हणून."

आकाराम हसला. त्याच्या तोंडातलं पान सांडलं आणि तो उठून बाहेर थुंकून आला. परत येऊन बसला तो मघाच्या जागी नाही, जरा गुंडूच्या बाजूला. तुला, आणि दादा. सगळ्यांनी ते ऐकलं होतं आणि सगळ्यांनी न ऐकल्यासारखं केलं. शालूबाईनं चहाचं आधण ठेवलं. हौसा न सांगता घरी गेली आणि दुधाचं भांडं घेऊन आली.

बयाबाईच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. वाटणीच्या वेळी तिनं हक्कसोडपत्रावर सही केली होती, हसत केली होती. दोघांनी एकेक साडी दिली होती, ती अजून नेसत होती. तिला या घरातला हिस्सा कधी नको होता. हे असं, दोघांच्या मधे बसून हसणं तेवढं हवं होतं, आणि ते इतकी वर्षं कुणी दिलं नव्हतं.

"मग मी समाईकच धरतो," इंजिनिअर म्हणाला.

आकारामनं मान हलवली. गुंडूनंही.

"फक्त एक आहे. पाया भरायच्या आधी दोन्हीकडनं निम्मा निम्मा खर्च हातात पाहिजे. सिमेंट, सळी एकदमच घ्यावी लागेल. महिन्याच्या आत काम सुरू केलं तर पावसाच्या आधी भिंत वर येईल."

गुंडूनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. तिची घडी सरळ केली. परत केली.

"न्हाई, म्हंजे," तो म्हणाला. "बिलाचं जरा..."

आणि थांबला. सोप्यात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. आकारामनं खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं आणि घसा खाकरला. "हे बग," असं काहीतरी तो म्हणाला असावा. बयाबाईनं ते पुरतं ऐकलं नाही. तिला दिसत होता तो फक्त गुंडूचा खाली गेलेला चेहरा, टोपीची घडी घालणारी बोटं. थोरल्यापुढं त्याला आपल्या तोंडानं नाहीत म्हणावं लागणार, आणि एकदा तसं म्हणावं लागलं की तो परत या दारात येणार नाही, एवढंच तिला सुचलं. ती पटकन बोलून गेली.

"गुंडूचा वाटा मी घालते. पोस्टात हायत माझं. मला कुणाला इचारायचं न्हाई आणि कुणाला द्यायचं न्हाई."

आत चहा उतू गेला, तरी शालूबाई जागची हलली नाही.

"तुला कुणी सांगितलं माझ्याकडं न्हाईत म्हणून?" गुंडूनं विचारलं.

"आरं, मगाशी तूच..."

बोलता बोलताच तिला कळलं. न्हाई बोलत, म्हणून आली होती ती.

"बहिणीच्या पैशानं भिंत बांधायची," आकाराम म्हणाला, "आन् तिच्याआड आमी झोपायचं. ज्या घरच्या पोरीला आबांनी रिकाम्या हातानं कधी वाटंला लावलं न्हाई, तिचं पैसं ह्या घरात घालायचं. बावड्यात तोंड दाखवाय जागा राहील?"

"दादा म्हणतोय ते बराबर हाय," गुंडू म्हणाला. "तुझा एक पैसा मला नको."

"मला बी नको."

"नवऱ्याच्या माघारी आलेलं पैसं. ते घेणारा मी कोण?"

एवढ्या बाबतीत दोघांचं अगदी एकमत झालं. दोघे शेजारी शेजारी बसून तिच्याकडं सारख्याच डोळ्यांनी बघत होते, आबांच्या डोळ्यांनी, आणि बयाबाईला वाटलं, चला, असं तर असं, माझ्यावर रागावून का होईना. रागवा माझ्यावर. मिळून रागवा.

पण ते तिथंच राहिलं नाही. आकाराम गुंडूकडं वळला.

"पर तू तिच्याकडं हात पसराय गेलास कशाला?"

"मी पसरला?"

"मग तिला काय सपान पडलं? एवढीच नड हुती तर माझ्याकडं..."

"तुझ्याकडं? आठ वर्षं तोंड बघितलंस व्हय माझं?" गुंडूचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "आत्ता आलं ध्यानात. सकाळच्या गाडीनं तिला बोलवून घेतलं कुणी? मी न्हवता केला फोन. भिंत तुला पायजे, जिना तुला पायजे. गुंडूकडं न्हाईत हे तुला ठाऊक, म्हणून आक्काला आणून बसवलीस मधी. तिनं पैसं काढावं, आन् मी आयुष्यभर मान खाली घालावी."

"असं म्हणतोस?"

"म्हणतो की."

"मग इथून ऊठ," आकाराम म्हणाला. "ऊठ माझ्या घरातनं."

बयाबाई मधे पडली. शपथा घातल्या. कुणी मागितलं न्हाई रे, कुणी शिकवलं न्हाई, माझं मला सुचलं. पण आपलं आपल्याला सुचलेलं कुणी खरं मानायला तयार नव्हतं. बहिणीनं आपणहून माहेरी पैसे घालावेत ही गोष्टच त्या दोघांच्या डोक्यात बसण्यासारखी नव्हती. तिच्यामागं दुसऱ्याचा डाव असल्याशिवाय ती कशी घडेल? गुंडू टोपी विसरून गेला. हौसा दुधाचं रिकामं भांडं उचलून त्याच्या मागोमाग गेली, मागच्या दारानं नाही, पुढच्याच दारानं, मान खाली घालून. जाताना जावेकडं तिनं बघितलं नाही. बयाबाईला ते सगळ्यात जास्त लागलं. आज संध्याकाळी परसातून वाटी जाणार नव्हती.

"साहेब," आदर्श इंजिनिअरला म्हणाला, "वरची खोली काढून टाका."

"आरं थांब की," शालूबाई म्हणाली.

"कशाला थांबायचं, आई? आपापल्या हद्दीत भिंत. खाली स्लॅब तेवढा होऊ दे, तुमच्या दोघांपुरता. ओटा ग्रॅनाइटचा घ्या आता, बसंल त्यात." त्यानं हे कुचकेपणानं म्हटलं नव्हतं. तो खरंच हिशोब करत होता.

मोना कागदांवरचा पानाचा डबा उचलून ठेवत होती. ती बयाबाईजवळ बसली आणि म्हणाली, आत्ती, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, आम्ही उचगावला गेलो तरी रविवारी येऊच की. बयाबाईनं तिच्या गालाला हात लावला. दोन महिन्यांच्या सुनेनं आपल्याला समजवावं, या वयात.

आकाराम बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला. बयाबाई आत गेली. शालूबाई उतू गेलेला चहा फडक्यानं पुसत होती आणि रडत होती, पण आवाज न करता.

"वन्सं, बोलायला नको हुतं तुम्ही," ती म्हणाली.

"न्हाई बोलायला पायजे हुतं. पर त्याचं तोंड बघवंना मला."

"ह्यांस्नी म्हाईत हुतं, भावजींच्याकडं आत्ता पैसं न्हाईत ते. हौसानं मला सांगितलेलं, मी ह्यांना सांगितलं. काल जेवताना म्हणाले, गुंडू नुसता आला तर त्याचा वाटा मी घालतो. दिवाळीला देईल न्हाईतर न देईल. टाइल्स खोडल्या, जाळ्या खोडल्या, ते कशासाठी खोडलं तुम्हाला वाटलं? भावजींचा वाटा निघावा म्हणूनच की."

बयाबाई चुलीपाशी उभी राहिली. हे बग, असं तो म्हणाला होता. टॉवेल काढून तोंड पुसलं होतं, घसा खाकरला होता. आकाराम लहानपणापासून तसाच होता, चांगलं काही बोलायचं असलं की त्याला आधी घसा खाकरावा लागायचा, वाईट बोलायला लागायचा नाही. हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि नेमकं तीच थांबली नव्हती. एक श्वास थांबली असती, तर हे पैसे भावाकडून भावाकडं गेले असते, घरातल्या घरात, आणि तिच्याकडं कुणी बघितलंही नसतं. पुढं किती वेळा हा दिवस तिनं परत जगून बघितला. जयसिंगपूरच्या घरात दुपारी एकटी पडली की ती त्या सोप्यात परत जाऊन बसायची, आकाराम घसा खाकरायचा, आणि ती गप्प राहायची. तेवढं एकच बदलायची. बाकी सगळं, टोपीची घडी, पंख्याचा आवाज, आहे तसं राहू द्यायची.

ऊन उतरल्यावर ती परत जायला निघाली. शालूबाईनं पिशवीत भाकरी बांधून दिली. बाहेर इंजिनिअर माप घेत होता. काम तर करायचंच होतं. आता दोन घरांची दोन कामं होती, आणि गुंडूनंही आपल्या बाजूचं त्यालाच सांगितलं होतं, कारण दुसरा इंजिनिअर शोधण्यात पैसे गेले असते. दारांपुढं बोळात त्यानं पांढरी फक्की ओतून दोन रेघा मारल्या होत्या. आकाराम आपल्या कट्ट्यावर, गुंडू आपल्या उंबऱ्यात.

"एक विचारायचं राहिलं," इंजिनिअर म्हणाला. कुणाकडं बघून बोलावं ते त्याला आता कळत नव्हतं, म्हणून तो रेघांकडं बघून बोलला. "दोन्ही भिंतींच्या मधे चार बोटं फट सुटणार. ती सोडावीच लागते. पण पावसाचं पाणी आत शिरलं तर दोन्हीकडं ओल धरेल. वरनं पत्रा घालून बंद करावं लागेल. तो पत्रा कुणाच्या खर्चात धरू?"

"माझी हद्द माझ्या भिंतीपाशी संपली," आकाराम म्हणाला.

"माझी बी," गुंडू म्हणाला.

"मग मधली जागा कुणाची?"

बोळातून एक सायकल आली, फक्कीच्या रेघा चुकवत कडेनं गेली. बयाबाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"ती माझी लिव्हा," ती म्हणाली. "पत्रा मी घालते."

इंजिनिअरला ती चेष्टा वाटली. तो हसून भावांकडं बघू लागला, की आता हे तिला अडवतील, पुन्हा तेच आबांचं, बावड्याचं, रिकाम्या हाताचं काहीतरी म्हणतील. आकारामनं मान वळवून कारखान्याच्या चिमणीकडं बघितलं. गुंडू पायानं उंबऱ्याजवळची माती सारत राहिला. बयाबाई थोडी थांबली. या वेळी ती पुरेसं थांबली. पण दोघांपैकी कुणीच नको म्हणालं नाही.